तांब्याचे वीस खडे: खेळातल्या भट्टीमागचा इतिहास

मे महिन्याच्या सुट्टीत भांडुपहून भाचा राहायला आला होता. 'व्हिंटेज स्टोरी' हा संगणकावरचा खेळ खेळता खेळता त्याने मान वर करून विचारलं, "मामा, टिन म्हणजे डब्याचा पत्रा ना? मग तो जमिनीत कसा सापडेल?" त्याची तांब्याची हत्यारं झाली होती. आता कांसं करायचं होतं, आणि त्यासाठी तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास टिन मिसळावं लागत होतं. मी सांगितलं, टिन म्हणजे कथील. तुझी पणजी ज्या पितळी पातेल्यात आमटी करायची, त्याला आतून कल्हई असायची. ती कल्हई म्हणजे कथीलच. डब्याच्या पत्र्यावरही त्याचाच पातळ थर देतात, म्हणून पत्र्याला ते नाव पडलं.

त्याचा प्रश्न सुटला आणि माझा सुरू झाला. दगड, तांबं, कांसं, लोखंड, पोलाद ही शिडी खेळात आली कुठून? आणि ती आपल्याकडच्या धातूंच्या इतिहासाशी कितपत जुळते?

शिडीचा उगम कोपनहेगनच्या संग्रहालयातला. ख्रिश्चन युर्गन्सेन थॉमसेन याच्या ताब्यात प्राचीन वस्तूंचे ढीग होते आणि त्यांचा क्रम लावायला लेखी पुरावा नव्हता. कोणती वस्तू कशासोबत सापडली हे बघून त्याने तीन गट पाडले: दगडाचं युग, कांस्ययुग, लोहयुग. १८३६ मध्ये त्याची मार्गदर्शिका छापून आली. डेन्मार्कच्या वस्तूंना ही मांडणी चोख बसली. पुढे ती साऱ्या जगाला लावली गेली, आपल्या शाळेच्या पुस्तकांत आली आणि तिथून खेळांत शिरली. फ्रान्सिस ट्रेशमच्या १९८० सालच्या 'सिव्हिलायझेशन' या पटावरच्या खेळात हीच युगं पायऱ्या म्हणून छापलेली होती. १९९१ मध्ये सिड मायरचा त्याच नावाचा संगणकावरचा खेळ आला, त्यात कांस्यकाम शिकल्याशिवाय लोहकाम शिकता येत नसे.

माझ्या पिढीची या शिडीशी ओळख झाली ती १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मधून. गिरगावातल्या सायबर कॅफेत पंख्याखाली चार जण एकेका संगणकाला चिकटून बसायचो. त्या खेळात ८०० अन्न जमलं की एक बटण दाबायचं आणि कांस्ययुग उजाडायचं. तांबं कुठे सापडलं, कथील कुणी आणलं, भट्टी कुणी फुंकली, काही नाही. खेळात तांबं आणि कथील या वस्तूच नव्हत्या. अन्न, लाकूड, दगड आणि सोनं, बस्स. धातू म्हणजे तारखेसारखी गोष्ट, वेळ झाली की येणारी.

धातूला हात लावायची संधी दुसऱ्या प्रकारच्या खेळांनी दिली. २००१ मध्ये आलेल्या 'रूनस्केप'मध्ये खाणीतून खनिज काढून भट्टीत वितळवता येई, पण तिथे कांसं म्हणजे एक वाटा तांबं आणि एक वाटा कथील. प्रत्यक्षात इतकं कथील घातलं तर मिश्रधातू काचेसारखा ठिसूळ होतो. घाव झेलणाऱ्या हत्याराला कथील दहा-बारा टक्के पुरतं. घंटा आणि टाळ यांच्या कांशात ते वीस-बावीस टक्क्यांपर्यंत जातं, कारण तिथे नाद हवा असतो. २००६ च्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस'मध्ये टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यात पोलादासाठी लोखंड, बीड (कच्चं ओतीव लोखंड), चुनखडीसारखा दगड आणि इंधन असं सगळं जमवावं लागतं. २००९ मध्ये खेळायला खुल्या झालेल्या 'माइनक्राफ्ट'वर या खेळाचा प्रभाव होता, पण धातूच्या बाबतीत माइनक्राफ्टने वाट सोपी केली. आठ दगडांची भट्टी रचायची, खाली लाकडाच्या फळ्या घातल्या तरी चालतं, वर लोहखनिज ठेवायचं, आणि लोखंडाची वीट तयार. तांबं त्यात २०२१ पर्यंत नव्हतंच, आणि आलं तेव्हाही हत्यारांसाठी नाही. वीज अडवणाऱ्या दांड्यासाठी आणि दुर्बिणीसाठी आलं.

ज्यांना हा सोपेपणा खुपला, त्यांनी माइनक्राफ्टवरच 'टेराफर्माक्राफ्ट' नावाचा जादा नियमांचा थर (मॉड) चढवला. त्यात कोणत्या खडकात कोणतं खनिज सापडेल हे भूगर्भशास्त्राला धरून ठरवलं होतं, आणि ऐरणीवर घाव कोणत्या क्रमाने घालायचे हेही खेळाडूवर सोपवलं होतं. त्यापासून स्फूर्ती घेऊन टायरन मॅडलेनर याने 'व्हिंटेजक्राफ्ट' नावाचा असाच एक थर केला, आणि २०१६ पासून तो 'व्हिंटेज स्टोरी' हा स्वतंत्र खेळ झाला.

या खेळात तांब्याचा पहिला टिकाव हाती यायला माझ्या भाच्याला चार संध्याकाळी लागल्या. वाळू चाळून आणि जमिनीवरचे खडे वेचून वीस खडे जमवले, की टिकावाच्या एका साच्यापुरतं तांबं होतं. त्याआधी धातू वितळवायला चिकणमातीची मूस घडवायची, साचा घडवायचा, दोन्ही खड्ड्यात गवत-लाकडाखाली भाजायचे. लाकडाच्या जाळाला खेळाने ७०० अंशांची मर्यादा घातली आहे. तांबं १०८४ अंशांना वितळतं. म्हणून आधी कोळसा पाडावा लागतो: लाकडं रचायची, हवा बंद करायची, आत धुमसू द्यायची. पुढे ऐरण ओतायची तर १८० खडे. भाच्याने हा आकडा ऐकला तेव्हा तो काही बोलला नाही, टोपलं उचललं आणि पुन्हा नदीकाठी गेला.

कोळशाची ही पायरी मला फार मोलाची वाटते. लाकडातलं पाणी आणि वायू आधीच निघून गेले, की उरलेला कार्बन जास्त तापतो आणि खनिजातला ऑक्सिजनही ओढून घेतो. म्हणजे कोळसा इंधनही आहे आणि खनिजाचा धातू करणारं द्रव्यही. महाराष्ट्रात लाकडाचा कोळसा पाडणं आणि चुना भाजणं हे लोणारी समाजाचं पिढीजात काम होतं. लोहार, तांबट, कासार, ओतारी यांची नावं आपण धातूच्या गोष्टीत घेतो, पण त्यांच्या भात्याचा वारा ज्या कोळशावर पडायचा, तो पाडणाऱ्याचं नाव मागे राहतं. खेळात एकच माणूस लोणारी, कुंभार, ओतारी आणि लोहार अशी चारही कामं करतो. गावात ती चार घरं होती, आणि प्रत्येक घरात मुलगा बापाच्या शेजारी बसून काम शिकत होता.

काही ठिकाणी खेळ इतिहासापासून दूर जातो. त्यात कथील नाही मिळालं तर बिस्मथ आणि जस्त घालून कांसं करता येतं. बिस्मथ मिसळलेलं कांसं पेरूमधल्या माचू पिक्चूला सापडलं आहे, पण ते एका सुरीच्या नक्षीदार मुठीत, टिकावाच्या पात्यात नव्हे. जस्ताचं तर वेगळंच. ते ९०७ अंशांना उकळतं, खनिजातून सुटलं की वाफ होऊन उडून जातं. ती वाफ थंड करून धातू पकडायचं तंत्र राजस्थानात झावरच्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरलं. खेळात जस्त कथलासारखंच मुकाट्याने मुशीत वितळतं. त्या उडणाऱ्या वाफेची अडचण खेळात असती, तर तांबं आणि जस्त मिळून होणाऱ्या पितळेची एक कळशी घडायला काय लागलं असेल हे मुलांना कळलं असतं.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. मुंबईच्या पायाखाली बेसाल्ट आहे; अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याच कातळाचा उभा तुकडा. दख्खनच्या या काळ्या दगडात ना तांब्याच्या खाणी, ना कथलाच्या. तरीही प्रवरा, घोड, भीमा या नद्यांच्या काठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी तांबं वापरणारी माणसं राहत होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात इनामगावचं उत्खनन केलं. हसमुख सांकळिया आणि मधुकर ढवळीकर यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. तिथे तांब्याच्या वस्तू मोजक्या, आणि दगडाची धारदार पाती मात्र भरपूर. तांबं दुरून यायचं, म्हणून रोजचं कापणं-सोलणं दगडाच्या पात्यावरच चालायचं. मराठीत याला ताम्रपाषाण युग म्हणतात, आणि हा शब्द शिडीपेक्षा खरा आहे. त्यात धातू आणि दगड दोन्ही एकाच घरात नांदतात. खेळात पहिला तांब्याचा टिकाव झाल्यावरही भाचा गारगोटीची सुरी वापरत राहिला, तांबं वाचवायला. इनामगावच्या माणसानेही तेच केलं होतं.

मग दायमाबादचं कोडं. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी या गावात खोदताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. अनेक अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पण धर्मपाल अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण तपासलं, तेव्हा त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं, आणि त्या काळातल्या इतर वस्तूंत असं आर्सेनिक आढळत नाही, म्हणून त्यांनी कालनिर्णयावर शंका घेतली. मुशीत काय पडलं होतं यावरून काळाचा वाद उभा राहतो. इतका तांब्याचा साठा त्या काळी कुणी एका जागी जमवला आणि हत्यारं सोडून गेंडा ओतला, हे मला दर वेळी थक्क करतं. १८० खडे वेचलेल्या मुलाला त्या गेंड्याचं वजन चटकन कळतं.

लोखंडाची गोष्ट शिडीला आणखी धक्का देते. लोखंड १५३८ अंशांना वितळतं. कोळसा आणि भाता यांच्या साध्या भट्टीत ते वितळत नाही; स्पंजासारखा तापलेला गोळा तयार होतो, त्यात मळी अडकलेली असते, आणि ती घणाचे घाव घालून बाहेर काढावी लागते. व्हिंटेज स्टोरीने हे जसंच्या तसं घेतलं आहे: लोखंड ओतता येत नाही, ठोकावंच लागतं, आणि ठोकायला आधी कांशाची ऐरण लागते. विदर्भात नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात, १९७८ ते १९८० च्या दरम्यान, लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या, म्हणजे मोठ्या दगडांची वर्तुळं रचणाऱ्या, लोकांनी कांस्ययुगाची पूर्ण पायरी चढून मग लोखंड घेतलं, असं चित्र तिथे दिसत नाही. दक्षिणेत तर अनेक ठिकाणी दगडाच्या हत्यारांनंतर लोखंडच येतं. दगडावर ठेवून दगडानेही लोखंड ठोकता येतं. कांशाची ऐरण ही खेळाची अट आहे, इतिहासाची नव्हे.

शेवटची पायरी पोलाद, आणि इथे मुंबईचं नाव थेट येतं. १७९४ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला डॉक्टर हेलेनस स्कॉट याने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे नमुने धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यावर निबंध वाचला, आणि मथळ्यातच लिहिलं की हे पोलाद मुंबईत बनतं आणि तिथे त्याला 'वुट्झ' म्हणतात. वास्तविक ते दक्षिणेतल्या गावांमधून बंदरात आलेलं असणार. शब्दाचं मूळही कन्नडमधल्या 'उक्कु'त शोधतात. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट याने त्याची हत्यारं घडवली, आणि पुढे मायकेल फॅरेडे याच्याबरोबर १८२० आणि १८२२ मध्ये तसं पोलाद करून बघण्याचे प्रयोग छापले. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा होता.

वुट्झची रीत मुशीची होती. मातीच्या बंद मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड आणि रुईसारखी पानं घालून तासन् तास तापवायचं. पानांतला आणि लाकडातला कार्बन लोखंडात जिरतो, त्याने वितळणबिंदू खाली येतो, आणि मुशीत दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला पोलादाचा गोळा उरतो. तरवड आणि रुई आपल्याकडे घाटावर कुठेही रस्त्याकडेला उगवते.

व्हिंटेज स्टोरीने हा मार्ग घेतला नाही. त्यात युरोपातली जुनी पद्धत आहे: लोखंडाच्या पट्ट्या कोळशात गाडायच्या, उष्णता सोसणाऱ्या विटांच्या भट्टीत दिवसचे दिवस तापवायच्या, आणि वरवर फोड आलेलं पोलाद काढायचं. मी भाच्याला तरवडाचं आणि मुशीचं सांगितलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. विटा भाजून झाल्या होत्या, भट्टी उभी होती, कोळसा मात्र अर्धाच जमला होता.

"मामा," तो म्हणाला, "मुशीतलं पोलाद करायचा रस्ता खेळात घालता येतो का? तरवडाचा फोटो पाठव ना मला."