जलोदर : उपचार आणि पथ्य

पोटातील अवयवांभोवतीच्या पर्युदर पोकळीत द्रव साठणे म्हणजे जलोदर. बोलण्यात ‘पोटात पाणी झाले’ असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून दुसऱ्या रोगाचे लक्षण आहे. बहुतेकदा मूळ यकृताच्या सिरोसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होण्यात) असते आणि त्यामागे दीर्घकाळचे मद्यपान, हेपॅटायटिस बी वा सी, किंवा यकृतात साठलेली चरबी असते. क्षय, कर्करोग व हृदयविकार ही इतर कारणे. म्हणून प्रथमच पोट फुगलेल्या रुग्णाचे थोडे पाणी सुईने काढून तपासलेच पाहिजे. रक्तातील व पाण्यातील अल्ब्युमिन या प्रथिनामध्ये डेसिलिटरमागे 1.1 ग्रॅम किंवा अधिक फरक निघाला, तर आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढला आहे असे ठरते.

सिरोसिसमधील उपचारांचा कणा म्हणजे मीठ कमी करणे. साठलेल्या एका लिटर पाण्यात साधारण साडेसात ग्रॅम मीठ अडकलेले असते. दिवसाला सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, एवढीच मुभा असते. गोव्यातल्या घरांत हे पथ्य जड जाते, कारण मीठ भांड्यात दिसत नाही: पेजेबरोबरचे खारे (खारवलेली सुकी मासळी), चेपणीची तोरां (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, सोलकढीचे आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) या सगळ्यांत ते आधीच मुरलेले असते. ताजी मासळी मात्र सोडू नये. तिरफळ, आले, लिंबू घालून ती आळणीही रुचते, आणि सिरोसिसमध्ये स्नायू झडत असताना प्रथिने तोडणे घातकच. पिण्याचे पाणी सरसकट बंद करू नये. रक्तातील सोडियम फार घसरले तरच डॉक्टर ते मर्यादित करतात.

लघवी वाढवून पाणी उतरवणाऱ्या औषधांत स्पायरोनोलॅक्टोन मुख्य, जोडीला फ्युरोसेमाइड. पायांवर सूज नसेल तर वजन रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू देत नाहीत. घाई केल्यास मूत्रपिंडे बिघडतात. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवते, त्यामुळे ‘कमी सोडियमचे’ मीठ आणि रोजचे शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही टाळाव्यात.

पोट ताठरून श्वास कोंडू लागला की पाणी काढतात. ‘एकदा काढले की पुन्हा पुन्हा भरते’ ही भीती गोव्यातही ऐकू येते, पण पाणी भरते ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नव्हे. 5 लिटरपेक्षा जास्त काढल्यास प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात.

ताप, पोटदुखी, बरळणे, रक्ताची उलटी किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर म्हापसा वा मडगावचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) त्याच दिवशी गाठावे. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रतिजैविके तातडीने लागतात.

फेणी-हुर्राक (गोव्यातील गावठी दारू) पूर्ण सोडल्यावर मद्यजन्य सिरोसिसच्या काही रुग्णांत पाणी औषधांशिवायही आटोक्यात राहते. औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी यकृतातून पर्यायी रक्तमार्ग काढणारी टिप्स ही प्रक्रिया असते किंवा यकृत प्रत्यारोपण. क्षयजन्य जलोदर मात्र क्षयाच्या औषधांनीच बरा होतो.