घाटात ब्रेक खाली जातो आणि गॅरेजमध्ये नीट लागतो, असं का होतं?

"अमक्या घाटात तमक्या वळणावर गाड्यांचे ब्रेक लागतच नाहीत, तिथं काहीतरी आहे" असला मेसेज अधूनमधून फिरत असतो, आणि पुरावा म्हणून खाली लिहिलेलं असतं की नंतर मेकॅनिकला दाखवलं तर ब्रेक एकदम ओके निघाले. मला या मेसेजचा राग येतो. घडलेलं खरं असू शकतं, पण सांगितलेलं कारण साफ चुकीचं, आणि त्यापायी माणूस बंपरला लिंबू-मिरची बांधतो आणि तेच जुनं ब्रेक ऑइल घेऊन परत घाट उतरतो.

पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मास्टर सिलेंडरमधला पिस्टन पुढं सरकतो आणि दाब पाइपात भरलेल्या ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचतो, हा शाळेतला पास्कलचा नियम. द्रव जवळजवळ दबत नाही म्हणून हे जमतं. हवा मात्र दबते. समजा पाइपात १ घन सेंटिमीटर हवा अडकलीय. जोरात ब्रेक मारल्यावर आत हवेच्या दाबाच्या ५० पट दाब सहज तयार होतो, तेव्हा तो बुडबुडा आकसून पन्नासावा हिस्सा उरतो, आणि मोकळी झालेली जागा भरायला तेवढं ऑइल जास्तीचं ढकलावं लागतं. सिलेंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर पिस्टन ३ मिलिमीटर जास्त सरकणार, आणि पेडलच्या दांडीचं प्रमाण चार-पाच पट असतं म्हणून पायाखाली पेडल साधारण दीड सेंटिमीटर जास्त खाली जाणार. एवढ्याशा हवेनं!

पण पाइप कुणी उघडलाच नाही तर बुडबुडा आला कुठून? तर पाण्यातून. आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं, रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू. डॉट ३, डॉट ४ ही ब्रेक ऑइलच्या प्रतींची नावं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं २०५ वरून १४०. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचं काय होत असेल बघा.

आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरा. उंचीत हजार मीटरहून जास्त फरक आहे. माणसांसकट १२०० किलोची गाडी हजार मीटर खाली आली आणि वेग तेवढाच राहिला तर जवळपास १२० लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला पाहिजे, म्हणजे साधारण ३५ लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी. इंजिनानं रोखून धरलं नाही तर यातली बरीच चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते, आणि त्यातली काही डिस्कमधून तिला घासणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये.

यातली खरी गंमत दाबाची आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच इथं. ५० पट दाबाखाली पाणीसुद्धा २६० अंशांच्या पुढं उकळतं, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबून धरलाय तोवर ऑइल गप्प बसतं. वळण संपलं, पाय उचलला, दाब एकदम उतरला, आणि १६०-१७० अंशांवर तापलेलं ते ओलावलेलं ऑइल त्याच क्षणी उकळतं. वाफ झाली. पुढच्या वळणावर पाय ठेवता तेव्हा तुम्ही ऑइल ढकलत नसता, वाफ दाबत असता, आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून हे पहिल्या वळणावर घडत नाही, खालच्या वळणांवर घडतं, आणि "तेच वळण" बदनाम होतं. कधी तर पायथ्याला चहाला थांबल्यावर घडतं, कारण वारा लागायचा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये झिरपत राहते. तासाभरानं सगळं थंड, वाफेचं परत पाणी, पेडल पहिल्यासारखं. मेकॅनिकला काय सापडणार?

घाटात पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, ही वेगळी भानगड. तिथं पॅड तापून पकड सुटलेली असते, ऑइलचा दोष नाही.

आणि पेडल घरीसुद्धा रोज स्पंजी लागत असेल तर पाइपात हवा आहे. पेडल एकसारखं दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि टाकीतलं ऑइल कमी होत नसेल तर बहुतेक मास्टर सिलेंडरचं सील आतल्या आत ऑइल सोडतंय, नव्या सीलचं किट टाका नाहीतर सिलेंडर बदला. ऑइल कमी होत असेल आणि एखादं चाक आतून ओलं दिसत असेल तर गळती, ती गाडी चालवायचीच नाही. दोन-तीनदा पंप मारल्यावर पेडल वर येत असेल तर मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, ड्रमपासून लांब बसलेत का ते आधी बघा. इंजिन सुरू करताना दाबलेलं पेडल थोडं खाली जातं त्याला मात्र घाबरू नका, तो पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर कामाला लागला.

हवा काढायला दोन माणसं लागतात. चाकाजवळ ब्रेकला हवा काढायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं, आत बसलेल्यानं पंप मारून पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल जरा सैल करायचं, बुडबुडे आणि चहासारखं काळपट ऑइल निघतं, आणि पाय उचलायच्या आत निपल बंद. इथं घाई केली की हवा परत आत. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, आणि एबीएस युनिटमध्ये (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा गेली तर बऱ्याच गाड्यांत गॅरेजचा स्कॅनर लावूनच ती निघते. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं असतं, वरून भर टाकून चालत नाही, कारण तापणारं ऑइल खाली कॅलिपरमध्ये असतं. यात इंजिन ऑइल तर कधीच नको, सगळे सील फुगतात.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा समज सोडा. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. दुसरा गिअर टाका, इंजिन गाडी धरेल. आणि पेडल तळाला गेलंच तर पटापट पंप मारा, खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. तो केबलचा असेल तर त्याला ऑइल लागत नाही.