चुन्याच्या दरजांमधली फुलं

आयर्लंडमधल्या जुन्या गावात शिरलं की दगडी पूल, चर्चचं आवार, पडक्या गढीची भिंत यांतलं काहीतरी समोर येतंच. लांबून या भिंती नुसत्या करड्या दिसतात. जवळ गेल्यावर दगडांच्या दरजांमधून जांभळी फुलं, बोटभर नेचे आणि गुलाबी तुरे बाहेर आलेले दिसतात. ही सगळी झाडं दगडावर नव्हे, दरजेत उगवलेली असतात. शेजारी सिमेंटची भिंत असेल तर तिच्यावर यातलं बहुधा काहीच नसतं. पाऊस तोच, ऊनही तेच, तरी हा फरक पडतो, कारण जुनी दरज चुन्याची आहे.

या भिंतींवरची माझी सगळ्यात आवडती वनस्पती म्हणजे आयव्ही-लीव्ह्ड टोडफ्लॅक्स, शास्त्रीय नाव सिंबलारिया म्युरॅलिस. ती मूळची भूमध्य समुद्राच्या बाजूची. बागेसाठी म्हणून इकडे आणली गेली आणि कुंपण ओलांडून भिंतींवर स्थायिक झाली. फूल जेमतेम एक सेंटिमीटरचं, फिकट जांभळं, दोन ओठ मिटल्यासारखं, आणि खालच्या ओठावर पिवळा उंचवटा. मधमाशी त्या उंचवट्यावर बसून ओठ उघडते तेव्हाच तिला आत शिरता येतं. खरी गंमत परागणानंतर सुरू होते. तोवर फुलाचा देठ उजेडाच्या दिशेने वाढत असतो. फलन झालं की तोच देठ उजेडाकडे पाठ फिरवतो, लांब होतो आणि कोवळं बोंड भिंतीच्या अंधाऱ्या फटीत नेऊन खुपसतो. उभ्या भिंतीवरून बी खाली पडलं तर ते रस्त्यावर वाया जाणार. त्यापेक्षा आईनेच ते पुढच्या दरजेत पेरून ठेवलेलं बरं! उत्क्रांतीने ही युक्ती कड्यांवर घडवली. माणसाने बांधलेली भिंत त्या वनस्पतीच्या लेखी कडाच आहे.

तिच्या शेजारी हमखास नेचे असतात. त्यांतला रस्टीबॅक नीट निरखण्यासारखा आहे. त्याच्या जाडसर पानांच्या मागच्या बाजूला तांबूस खवल्यांचा दाट थर असतो. आयर्लंडच्या पश्चिम भागात वर्षाकाठी सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो. मुंबईत चार महिन्यांत जेवढा कोसळतो त्याहून तो कमीच, पण वर्षभर झिमझिमत राहतो. तरीही मध्येच आठवडाभर ऊन पडलं की भिंत लगेच कोरडी होते, कारण दरजेत पाणी साठून राहत नाही. तेव्हा रस्टीबॅकची पानं आत वळतात, खवले बाहेर येतात आणि झाड मेल्यासारखं दिसतं. पाण्याचा बहुतेक साठा गमावूनही त्याच्या पेशी तग धरतात. सर आली की काही तासांत पानं पुन्हा हिरवीगार उलगडतात.

आता चुन्याकडे वळू. आयर्लंडचा जवळपास निम्मा भूभाग चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. पूर्वी शेताशेतांत चुन्याच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचे दगडी अवशेष आजही दिसतात. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकला की तो रटरटतो आणि विरी जातो. वाळू मिसळून हा माल दगडांमध्ये भरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचो आणि निवळी दुधाळ व्हायची. त्या भिंतींमध्ये हीच अभिक्रिया चालू असते, फक्त ती वर्षानुवर्षे चालते.

यातून एक अनपेक्षित फायदा मिळतो. माल घट्ट होताना ज्या हवेतला कार्बन शोषतो ती हवा बांधकामाच्या काळातली असते. म्हणजे त्या काळचा कार्बन-१४, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, भिंतीत बंदिस्त होतो, आणि तो किती उरला यावरून वय काढता येतं. शिवाय भट्टीतल्या कोळशाचे कणही मालात अडकलेले असतात. याच आधारावर संशोधक रायनर बर्गर यांनी १९९० च्या दशकात आयर्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चवास्तूंच्या मालाचं कालमापन केलं. यात काळजी घ्यावी लागते ती न भाजलेल्या चुनखडीच्या कणांची. त्यांच्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जुना, त्यामुळे असा कण नमुन्यात आला तर भिंतीचं वय फुगतं.

ताज्या मालात काहीच उगवत नाही, कारण तो त्वचा भाजेल इतका अल्कधर्मी असतो. कार्बन डायऑक्साइड शोषला जातो तसा हा तिखटपणा उतरतो. वारा धूळ आणतो, शेवाळ धरतं, मग नेच्यांचे बीजाणू रुजतात. नेच्याच्या फलनासाठी पाण्याचा पातळसा पापुद्रा लागतो, कारण त्याच्या शुक्रपेशी पोहत जातात. आयर्लंडच्या दमट हवेत तो पापुद्रा मिळणं अवघड नाही. वॉल-रू आणि मेडनहेअर स्प्लीनवर्ट हे नेचे मुळात चुनखडीच्या कड्यांवरचे. गावातली भिंत त्यांना परकी वाटतच नाही.

ते मूळचे कडे पाहायचे असतील तर क्लेअर काउंटीतल्या बरनमध्ये जावं. तिथे चुनखडीची लादी मैलोन्‌मैल उघडी पडली आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हा भाग विषुववृत्ताजवळच्या उथळ, उबदार समुद्राचा तळ होता. हिमयुगातल्या बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि पावसाच्या सौम्य आम्लाने लादीत खोल भेगा कोरल्या. इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा सेनानी एडमंड लडलो १६५१ मध्ये इथे आला होता. इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही, अशी नोंद त्याने केली. हे वाक्य सगळीकडे सांगितलं जातं. मला त्याच्या पुढचं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं: खडकांमधल्या तुकड्या-तुकड्यांत उगवणारं गवत गोड आणि सकस आहे आणि त्यावर इथली गुरं धष्टपुष्ट आहेत.

आयर्लंडमधल्या स्थानिक वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के जाती या एवढ्याशा मुलखात सापडतात. त्याहून विलक्षण आहे त्यांची संगत. एप्रिल-मे महिन्यांत गडद निळं स्प्रिंग जेन्शियन फुलतं, ते आल्प्समधलं. त्याच्या बाजूला आठ पाकळ्यांचं पांढरं ड्रायस, ते उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशातलं. एका अतिथंड कालखंडाला भूशास्त्रज्ञांनी 'यंगर ड्रायस' हे नाव याच फुलावरून दिलं. आणि त्याच खडकांच्या ओलसर भेगांमध्ये भूमध्य प्रदेशातला मेडनहेअर नेचा. आपला हंसराज याच प्रजातीतला. उघडी जागा असल्यामुळे थंड प्रदेशातल्या झाडांना उंच गवताशी स्पर्धा करावी लागत नाही. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळा सौम्य असतो, म्हणून दक्षिणेकडच्यांचंही भागतं.

पण ही फुलं केवळ निसर्गावर सोडली तर टिकत नाहीत. इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, युरोपातल्या इतर डोंगराळ भागांच्या नेमकं उलट. चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि पाणी झिरपून जातं, त्यामुळे वर कोरडी जागा मिळते. गुरं हिवाळाभर वाळकं गवत खाऊन टाकतात आणि वसंतात फुलांना उजेड मिळतो. चराई थांबली तिथे हेझलच्या झुडपांनी जागा व्यापली.

बरनमध्येच कॉर्कमरो हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासीपंथाचा मठ उभा आहे. त्याचं लॅटिन नाव 'सुपीक खडकाची सेंट मेरी' अशा अर्थाचं. खांबांच्या माथ्यावर पानं-फुलं कोरलेली आहेत. खडक, त्यातून काढलेला चुना, त्या चुन्याने जोडलेले दगड आणि दगडांवर कोरलेली फुलं, सगळं एकाच ठिकाणी पाहायला मिळतं.

अशा भिंतींचं खरं नुकसान चुकीच्या डागडुजीने होतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, आणि विसाव्या शतकात जुन्या दरजा सर्रास त्याने भरल्या गेल्या. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे भिंतीत मुरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. झिजायचं तर दरजेने झिजावं, दगडाने नाही, असा हा हिशेब. सिमेंटने ती वाट बंद करून हा हिशेब उलटा केला. पाणी दगडाच्या तोंडातून निघू लागलं, आतले क्षार आणि गोठणारं पाणी मिळून दगडाचे पापुद्रे सुटू लागले, आणि नेचे तर गेलेच.

म्हणून जुन्या वास्तूंचे जाणकार आता पुन्हा चुना वापरतात. गोठणारी थंडी टाळून काम करतात आणि ओला माल गोणपाटाने झाकून ठेवतात, कारण घाईने वाळला तर तो भुगा होतो. बडलिया, सिकॅमोर अशा जाड मुळांच्या झाडांची रोपं लहान असतानाच काढावी लागतात, जशी आपल्या गडांवर पिंपळाची काढावी लागतात. टोडफ्लॅक्स आणि छोट्या नेच्यांच्या बारीक मुळांनी धडधाकट भिंतीला फारसा धोका नसतो. चांगला गवंडी सगळी भिंत खरवडत नाही. जिथला माल सुटला आहे तेवढ्याच दरजा भरतो, आणि त्यामुळे नव्या चुन्याचा तिखटपणा उतरेल तेव्हा तिथे रुजायला बी आणि बीजाणू हाताच्या अंतरावर असतात.