शेवटच्या मजल्यावर उजेड हवा, ऊन नको

मुंबईत जुन्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला नव्याने करायचा ठरला की बोलणं थेट मोठमोठ्या काचांपासून सुरू होतं. सुरुवात खरं तर डोक्यावरच्या स्लॅबपासून करायला हवी. मधल्या मजल्यांना ऊन भिंती आणि खिडक्यांतूनच लागतं. इथे अख्खं छत तापतं. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी छताच्या दर चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट ऊन पडतं. पाच-सहा इंची स्लॅबमधून ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणूनच बेडरूम खरी तापते ती दिवेलागणीनंतर, नेमकी मुलं झोपायच्या वेळी.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे वॉटरप्रूफिंगवर 50 मिमी जाडीचे एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या टणक प्लास्टिक फोमचे) बोर्ड, त्यावर पातळ काँक्रीटचा थर आणि सगळ्यात वर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. उष्णता अडवण्यात हे दोन इंच सुमारे अडीच मीटर काँक्रीटच्या तोडीचे ठरतात. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो; मात्र धूळ बसली की तो गुण घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची.

चूक होते ती वजनात. जुना ब्रिकबॅट कोबा (गळती रोखण्यासाठी घातलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) गळतो म्हणून त्याच्यावरच नवा घालतात. 10 सेंमी कोब्याचं वजन दर चौरस मीटरला 180 किलोच्या आसपास भरतं. वापरातल्या गच्चीवर माणसं-सामानाचा भार भारतीय मानकाप्रमाणे धरलेला असतो साधारण 150 किलो! म्हणून जुना थर आधी काढायचाच. पाण्याला 1:100 उतार, कठड्याच्या सांध्यात गोल वाटा (कोपरा गोलसर भरून घेणं), मग तीन दिवस पाणी तुंबवून स्लॅब खालून तपासायचा. बोर्ड त्यानंतरच.

आता खिडक्या. मुंबई 19 उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य 71 अंशांवर असतो, डिसेंबरअखेर 47 अंशांवर उतरतो. त्यामुळे दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला अगदी वरच्या कडेलगत दीड फुटी छज्जा दिला, तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन बाहेरच थांबतं आणि थंडीत हवंहवंसं आत येतं. पश्चिमेला छज्जा निरुपयोगी, कारण ऊन तिरपं घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा बांबूची चिक, तीही काचेच्या बाहेरून. आतला पडदा तापतो, त्याची उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही आणि खोलीच तापते. गडद काच नको. ती उजेडच खाते. दुहेरी लो-ई काच (उष्णता अडवणारा अदृश्य लेप असलेली) घेताना दोन आकडे विचारा: आत येणारा प्रकाश 50 टक्क्यांच्या आसपास, आत येणारी उन्हाची उष्णता 30 टक्क्यांच्या.

खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोचतो. सात फुटांवर कड असेल तर 14 ते 17 फूट. फॉल्स सीलिंग त्या कडेखाली आणलं की हे अंतर घटतं. छत पांढरं, चकाकी नसलेलं ठेवावं.

आडवा स्कायलाइट, म्हणजे छतातली काच, मात्र टाळलेलाच बरा. मेच्या मध्यात सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. पॅसेज अंधाराच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखलेल्या जागीच छत थोडं उचलून उत्तरेला उभी काच बसवावी, तळाशी किमान 15 सेंमी उंच कड ठेवून. त्या काचेवरही छोटा छज्जा आणि दोन्ही बाजूंना आडोसा लागतो, कारण जूनमध्ये सूर्य पूर्व-पश्चिमेपासून उत्तरेकडे सरकून उगवतो-मावळतो.