तुटण्याची जागा सरकत गेली: ताकदवान आरसी ट्रकची पार्श्वभूमी

आज जळगावात किंवा धुळ्यात कुणी १:८ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्शाचा, आरसी (रेडिओ कंट्रोलचा) ट्रक जुळवायला घेतला की सामानाची यादी साधारण ठरलेली असते. ४२७४ मापाची ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर, १५० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, तीन डिफरन्शियल (ताकद चाकांत वाटणारे गिअर) आणि धातूच्या गिअरचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर). जुळून झालेला ट्रक साडेचार-पाच किलो भरतो आणि मोकळ्या जागेत ताशी ७०-८० किलोमीटर पळतो. ही यादी कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. आधीचा भाग तुटला, जळला किंवा वितळला म्हणून पुढचा आला. हा क्रम माहीत असला तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते कळतं. नसला, तर माणूस आधी मोठी मोटर आणतो आणि आठवड्याच्या आत स्पर गिअरचे (मोटरवरच्या छोट्या पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात सोलून बसतो.

रेडिओने यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली होती. दुकानात विकली जाणारी गाडी मात्र १९६६ साली इटलीच्या एल-जी कंपनीने आणली. ती १:१२ मापाची फेरारी होती आणि गुळगुळीत जमिनीवरच चालायची. जपानच्या टामियाची १९७६ ची पोर्शे ९३४ सुद्धा डांबरावरचीच गाडी.

मातीसाठी खास बनवलेल्या दोन गाड्या १९७९ मध्ये आल्या. टामियाने त्या वर्षी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या दोन बग्गी काढल्या. त्यांचं सस्पेन्शन धातूचं होतं, आणि रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा भाग), सर्वो व बॅटरी एका बंद पारदर्शक डब्यात बसवलेली होती. आज ईएससी आणि रिसीव्हर आतूनच पाणीरोधक मिळतात, म्हणून हा डबा लोक विसरले. पण गिरणा किंवा पांझरेच्या उन्हाळी पात्रात गाडी चालवणाऱ्याने तो आठवावा. कोरडी रेती पाण्यापेक्षा वाईट. ती सर्वोच्या गिअरमध्ये, स्विचमध्ये आणि ईएससीच्या पंख्यात शिरते. पंखा अडला की ईएससी तापून बंद पडतो, आणि माणूस दोष बॅटरीला देतो.

त्याच सुमाराला अमेरिकेत खरे मॉन्स्टर ट्रक लोकप्रिय होत होते. बॉब चँडलरच्या बिगफूटने १९८१ मध्ये जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या आणि मोठ्या चाकांचं वेड खेळण्यांतही आलं. टामियाचा १९८७ चा क्लॉड बस्टर या वेडाचा एक मोठा नमुना. त्यात दोन्ही एक्सलवर एकेक ५४० मापाची ब्रशवाली मोटर होती आणि चारही चाकं वळायची. ताकद दुप्पट झाली, आणि लगेच स्टिअरिंग कमी पडू लागलं. सर्वो चॅसीवर (सांगाड्यावर), चाकं एक्सलवर, मध्ये लांब दांडे. सस्पेन्शन हललं की चाकं आपोआप वळायची. मग लोकांनी सर्वो थेट एक्सलवर बसवले आणि प्लॅस्टिकच्या चॅसीऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या. मूळ भाग वाकला की घरी कापलेला भाग लावायचा, ही या छंदाची सवय तेव्हाही होती.

त्या काळची ताकद किती होती? ५४० मोटरला सहा निकेल-कॅडमियम सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. ३० अँपिअर ओढले तरी सव्वादोनशे वॅटच्या आत. त्यातही बराच भाग वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेत वाया जायचा. सर्वो एक पट्टी सरकवायचा, पट्टी रेझिस्टरवर टेकायची, आणि कमी वेगात वाचलेली वीज त्या रेझिस्टरमधून उष्णता होऊन निघून जायची. संपर्काच्या जागी ठिणग्या उडायच्या. पट्टी चिकटली तर गाडी पूर्ण वेगाने कुंपणात. मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलने (ईएससीने) हे सगळं संपवलं, पण मोटरचे ब्रश आणि ते ज्यावर घासून वीज देतात तो कम्युटेटर राहिलेच. ब्रश झिजतो, कम्युटेटर काळा पडतो, आणि धूळ असेल तर दोन्ही अधिक लवकर.

विजेची मर्यादा दिसल्यावर मोठ्या ट्रकवाल्यांनी नायट्रो इंजिन धरलं. ट्रॅक्सस कंपनीचा १९९९ चा टी-मॅक्स हा त्यातला सर्वांत प्रभावी ट्रक: अडीच सीसीचं इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि रिव्हर्स गिअरसुद्धा. इंजिनाचा आवाज, धूर आणि टाकी भरली की पुन्हा लगेच पळणं, याची मजा वेगळीच. पण या इंजिनाचं इंधन मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण असतं. मेथॅनॉल विषारी, त्यामुळे त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत, आणि तयार नायट्रो इंधन तालुक्याच्या गावी मिळत नाही. शिवाय हवा तापली की कार्ब्युरेटरची सुई पुन्हा जुळवावी लागते. सकाळी सात वाजता नीट चालणारं इंजिन अकरा वाजता त्याच सुईवर चालत नाही. आमच्या मते खान्देशात आज नव्याने नायट्रोत पडण्यात अर्थ नाही.

विजेवरच्या ट्रकने नायट्रोला मागे टाकलं ते तीन वेगळ्या शोधांमुळे, आणि यातला एकही खेळण्यासाठी लागलेला नव्हता. निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकात आले. लहान आकारात मोठं चुंबकत्व त्यांच्यामुळे शक्य झालं. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला, आणि त्याच रसायनाची पातळ पाकिटातली आवृत्ती, म्हणजे लिपो, मॉडेल विमानांतून गाड्यांत उतरली. तिसरा शोध म्हणजे स्वस्त मायक्रोप्रोसेसर. तीन फेजची वीज सेकंदाला हजारो वेळा योग्य क्षणी चालू-बंद करणं त्याच्यामुळे तळहाताएवढ्या डब्यात बसलं. रेल्वेत हाच बदल थोडा आधी झाला होता. भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांना ब्रशवाल्या डीसी मोटरची इंजिनं लागायची. १९९५-९६ पासून डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही तीन फेजची इंजिनं भारतात आली. त्यांची मोटर इंडक्शन प्रकारची, ट्रकची कायमचुंबकाची, पण ब्रश काढून काम इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवायचं हे तत्त्व तेच.

२००० नंतरच्या दशकात ब्रशलेस मोटर गाड्यांत रुळली, आणि २००९ च्या सुमाराला एचपीआय कंपनीचा सॅव्हेज फ्लक्स, ट्रॅक्ससचा ब्रशलेस ई-रेव्हो असे २२०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) मोटरचे सहा सेलवर चालणारे ट्रक तयार मिळू लागले. आता हिशोब बघा. सहा सेल म्हणजे २२.२ व्होल्ट, १०० अँपिअर ओढले तर २,२०० वॅटच्या वर. क्लॉड बस्टरच्या काळातल्या एका मोटरच्या दहापट.

वेगाचं गणित करायला कागद-पेन पुरे. २२०० केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला २,२०० फेरे, २२.२ व्होल्टला ४८,८४०. पिनियन १३ दातांचा आणि स्पर ५० चा असेल तर घट ३.८५ पट. डिफरन्शियलमध्ये ११ आणि ४३ दात असतील तर आणखी ३.९१ पट. एकूण १५ पट. चाक मिनिटाला साधारण ३,२५० फेरे घेतं. टायर १५ सेंटिमीटर व्यासाचा, परीघ ४७ सेंटिमीटर. उत्तर येतं ताशी ९२ किलोमीटर. प्रत्यक्षात बॅटरीचा व्होल्ट भाराखाली पडतो, हवा आणि माती अडवते, म्हणून ७५-८० मिळतात.

ही ताकद आली आणि तुटण्याची जागा मोटरपासून चाकाकडे सरकली. पहिला बळी डिफरन्शियल. क्राउन गिअर (डिफरन्शियलचा मोठा गिअर) आणि त्याचा पिनियन यांच्यात जास्त मोकळीक असेल तर उडी मारून उतरताना, चाकं जोरात फिरत असताना, दात खरवडले जातात. म्हणून नवा डिफ उघडून ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरचे शिम (पातळ चकत्या) घालायचे. हाताने फिरवताना कुठे अडत नाही आणि खडखडही येत नाही, एवढंच घट्ट. मोटरचा पिनियन बसवताना पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळायची आणि पट्टी काढून घ्यायची. कागदावर दातांचे वळ उमटावेत, तो फाटू नये. गिअर जाड दातांचे, मॉड १ मापाचेच घ्यावेत. १:१० च्या गाडीचे ४८ पिचचे बारीक दात या मोटरसमोर टिकत नाहीत. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावायचा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नाही, कारण त्याने प्लॅस्टिक तडकतं.

दुसरा बळी टायर. वेगात रबर फुगतं, मधोमध टोकदार होतं आणि रिमपासून सुटतं. आतून फायबरची पट्टी असलेले बेल्टेड टायर त्यावरचं उत्तर आहे. साध्या टायरला आतून दोन फेरे मजबूत कापडी टेप लावला तरी बराच फरक पडतो. चाकाचा षटकोनी हब १७ मिलिमीटरचाच हवा.

रेडिओचा इतिहास थोडक्यात. आधी २७ मेगाहर्ट्झवर क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी ठरवणारा छोटा भाग) बदलून सहा चॅनल मिळायचे. एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या एकत्र चालू केल्या की एकीचा ताबा दुसरीकडे. मोटरच्या ठिणग्यांमुळेही सर्वो थरथरायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी दोन्ही प्रश्न मिटवले, आणि भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आजची चूक वेगळीच आहे: फेलसेफ न लावणं. रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडतानाच, सिग्नल गेला तर थ्रॉटल न्यूट्रलला किंवा ब्रेकला येईल असं ठरवून ठेवायचं. पाच किलोचा ट्रक ताशी ७० ने एखाद्याच्या पायावर गेला तर हाड मोडतं.

इथे मिळणाऱ्या ट्रकचं स्वरूप कररचनेनेही ठरवलं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं. त्यामुळे तयार ट्रक मागवण्यापेक्षा मोटर, ईएससी, चॅसी वेगवेगळी जमवण्याकडे कल वाढला. अशा वेळी सर्वांत वेगवान मॉडेल शोधू नये. ज्याचे क्राउन गिअर, ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद नेणारे दांडे) आणि ए-आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे भाग) देशातल्या दुकानात पडून आहेत, ते मॉडेल घ्यावं.

एका बाबतीत मात्र खान्देश आधीपासून तयार होता. विहिरी-बोअरवर सबमर्सिबल पंप असल्यामुळे मोटर वाइंडिंगची दुकानं गावोगाव आहेत, आणि तीन फेजची मोटर उलटी फिरली तर तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करायच्या हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. सेन्सरलेस, म्हणजे रोटर (फिरणारा भाग) कुठे आहे ते सांगणारा सेन्सर नसलेल्या, ब्रशलेस मोटरला हाच नियम चालतो. सेन्सर असलेल्या मोटरला चालत नाही. तिथे ए, बी, सी वायरी जुळवूनच लावायच्या आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची. स्टार आणि डेल्टा (तारा जोडण्याच्या दोन पद्धती) हा फरकही वाइंडिंगवाल्याच्या ओळखीचा. त्याच तारेची मोटर डेल्टात जोडली की तिचा केव्ही १.७३ पट होतो. जळलेली ५४० किंवा ब्रशलेस स्टेटर तिथे भरून मिळू शकतो, पण रोटरचा चुंबक सुटला असेल तर नवी मोटर घ्यावी. पन्नास हजार फेऱ्यांवर तोल गेलेला रोटर बेअरिंग खातो.

उरतो तो मे महिना. पंचवीस अंशांत पंचाहत्तरला थांबणारी मोटर चव्वेचाळीस अंशांत चौऱ्याण्णवला जाते, आणि साध्या दर्जाच्या निओडिमियमची ताकद ऐंशीच्या पुढे उतरू लागते. म्हणून उन्हाळ्यात पिनियन १३ वरून ११ वर आणायचा. कागदावरचा वेग ९२ वरून ७८ वर येतो, मोटर वाचते. पाच मिनिटांनी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, ईएससी आणि बॅटरी बघायची. लिपो साठच्या जवळ गेली की खेळ बंद. डिफमधलं सिलिकॉन तेलही २५ वरून ४५ अंशांवर साधारण तीस टक्के पातळ होतं. म्हणून हिवाळ्यात मधल्या डिफला ३०,००० सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) पुरत असेल तर उन्हाळ्यात ५०,००० घालावं. नाहीतर थ्रॉटल दाबताच सगळी ताकद हलक्या झालेल्या पुढच्या चाकांत जाते आणि ती नुसती फुगतात. बॅटरी १ सीने, म्हणजे ५,००० एमएएचला ५ अँपिअरने, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरणारी वायर) लावून आणि थंड झाल्यावरच चार्ज करायची. ईएससीचा कटऑफ सेलला ३.४ व्होल्टवर, ठेवताना ३.८ वर. पूर्ण भरलेली लिपो पत्र्याच्या खोलीत आठवडाभर पडली तर फुगते, आणि फुगलेली पुन्हा वापरायची नसते.

पावसाळ्यात काळी माती चाकाला थरावर थर चिकटते. चाक जड झालं की सेन्सरलेस मोटर सुरुवातीला अडखळते, कारण कमी वेगात ईएससीला रोटर कुठे आहे ते कळत नाही, आणि त्या अडखळण्यात करंट सर्वांत जास्त जातो. ट्रक रुतला तर थ्रॉटल दाबत राहण्यापेक्षा चालत जाऊन उचलून आणावा. कापूस निघालेल्या रानात पऱ्हाट्यांचे खुंट ए-आर्म मोडतात, आणि रावेर-यावलकडच्या केळीत ठिबकची नळी ड्राइव्हशाफ्टला गुंडाळली जाते. ती कापण्यासाठी कटर खिशात असावा. ओली काळी माती लगेच धुऊ नये, वाळू द्यावी. वाळली की ब्रशने ढेकळं निघतात, मग फुंकणीने धूळ काढायची, आणि चाकांची बेअरिंग उघडून पातळ तेलाचा एकेक थेंब घालायचा. पाण्याचा जोरदार फवारा मारला तर तीच माती सीलच्या आत जाते.