‘मोकळी जागा’ म्हणजे कोणती? धूम्रपानबंदीच्या धोरणाची पार्श्वभूमी

धूम्रपान कमी करण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा इतिहास बहुधा १९७५ च्या सिगारेट कायद्यापासून सांगितला जातो. त्या कायद्याने पाकिटावर एका वाक्याचा वैधानिक इशारा आणला आणि विडीला हातही लावला नाही. विडीचा विचार सरकारदरबारी निराळ्या खात्यात होत असे. १९६६ चा विडी व सिगार कामगारांचा कायदा आणि १९७६ चा कल्याण उपकर हे दोन्ही विडी वळणाऱ्या हातांसाठी होते, ती ओढणाऱ्या छातीसाठी नव्हते. कोल्हापूरहून पाहणाऱ्याला हे लवकर उमगते, कारण निपाणीचा तंबाखू पट्टा इथून फार दूर नाही. १९८१ मध्ये तंबाखूच्या दरासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारात शेतकरी मारले गेले, आणि त्या साऱ्या वादात तंबाखू ही रोगाची नव्हे, भावाची गोष्ट होती.

दुसऱ्याच्या धुराचा त्रास ही कल्पना कायद्यात आली तीही बिचकतच. १९८९ च्या रेल्वे कायद्यात डब्यात विडी-सिगारेट ओढणे गुन्हा ठरले, पण मुख्यतः सहप्रवाशाने हरकत घेतली तर, आणि दंड शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे तक्रार करण्याचे ओझे धूर गिळणाऱ्यावरच होते. पुढल्या वर्षी केंद्राने रुग्णालये, शिक्षणसंस्था वगैरे ठिकाणी धूम्रपान नको अशा सूचना काढल्या. त्या सूचना होत्या, कायदा नव्हता. खरा धक्का न्यायालयांनी दिला. १९९९ मध्ये केरळातील न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव असून जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे ठरवले. २००१ च्या नोव्हेंबरात, मुंबईतील एका राजकीय नेत्याच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने नाट्यगृहे, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक वाहने यांत देशभर बंदी घातली. ही यादी लक्षात ठेवावी, कारण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक जागा छपराखालची आहे.

२००३ मध्ये संसदेने जो व्यापक कायदा केला आणि जो १ मे २००४ पासून लागू झाला, त्याने हीच यादी थोडी वाढवून घेतली. त्यात रेल्वेची प्रतीक्षागृहे आली, उपाहारगृहे आली, करमणुकीची केंद्रे आली. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे हक्काने असो वा नसो, जिथे लोकांना प्रवेश आहे अशी कोणतीही जागा, असा व्याख्येचा आरंभ ऐसपैस आहे. मात्र शेवटी एक शेपूट जोडलेले आहे: यात कोणतीही मोकळी जागा येत नाही. जाहिरातबंदी, अठरा वर्षांखालील मुलांना विक्रीची मनाई, शाळेपासून शंभर यार्डांचे अंतर, या सगळ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या शेपटाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पुढचा बहुतेक गोंधळ तिथूनच निघाला.

गोंधळ सरकारलाही जाणवला असावा. २००८ च्या नियमांनी, जे २ ऑक्टोबरपासून अमलात आले, कामाच्या जागा, मॉल आणि चित्रपटगृहे सार्वजनिक ठिकाणांत घातली, आणि मग मोकळ्या जागेची व्याख्या उलट बाजूने केली. खुले प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बस थांबा ‘आणि अशी इतर ठिकाणे’ ही मोकळी जागा समजू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे कायदा म्हणतो मोकळी जागा वगळा, आणि नियम म्हणतात की वगळलेल्यांतून अमुक जागा पुन्हा वगळा. हे वाक्य पोलीस शिपायाने चौकात उभे राहून लावायचे आहे.

कोल्हापुरात ते लावून पाहावे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना चालू असताना पायऱ्यांवर सिगारेट पेटवणे गुन्हा आहे, यात शंका नाही. खासबाग मैदान आकाशाखाली असले तरी भोवती पायऱ्या असलेला कुस्तीचा आखाडा म्हणून ते स्टेडियममध्येच धरावे लागेल. मध्यवर्ती बसस्थानकाचे नाव तर जवळजवळ नियमातच आहे. पण गांधी मैदानात सभा भरली तर? बिंदू चौकात? रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी बाकांवर म्हातारी माणसे आणि लहान मुले शेजारी-शेजारी बसलेली असतात, ती जागा ‘अशी इतर ठिकाणे’ यांत येते की नाही? ज्याला दंड करायचा आहे तो येते म्हणेल, ज्याला भरायचा आहे तो नाही म्हणेल, आणि दोघांच्याही बाजूने मजकुरात आधार सापडेल.

मोठ्या आस्थापनांची सोय मात्र नियमांनी नीट लावून दिली. तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह, तीस खोल्यांचे हॉटेल आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळा कक्ष ठेवता येतो. गल्लीतल्या मिसळीच्या दुकानाला किंवा खाणावळीला तो ठेवता येत नाही, म्हणून तिथला ओढणारा दोन पावले बाहेर येतो आणि फूटपाथवर, म्हणजे बहुधा मोकळ्या जागेत, उभा राहतो. शेजारीच पानटपरी असते. बंदी असलेल्या जागी काडेपेटी, लायटर किंवा राखदाणी ठेवू नये असा नियम आहे. टपरीच्या खांबाला टांगलेली पेटती सुतळी त्या नियमाच्या एक हात बाहेर धुमसत असते. हॉटेलवाल्यांनी आणि सिगारेट उद्योगाने या नियमांना आव्हान दिले होते, पण नियम रोखण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मोकळ्या जागेबद्दल कोणी न्यायालयात धावून गेले नाही, कारण त्या गोंधळात कोणाचाच तोटा नव्हता.

यानंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. ३१ मे २००९ पासून सचित्र इशारा आला, २०१६ मध्ये तो पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर पसरला, २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली, आणि २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास मनाई केली. ती मनाई टपरीवर कितपत पोचली हे कोणीही पाच मिनिटे उभे राहून पाहू शकतो. देशव्यापी सर्वेक्षणानुसार प्रौढांतील धूम्रपानाचे प्रमाण २००९-१० मध्ये १४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १०.७ टक्क्यांवर आले. त्यातही प्रौढांत सिगारेट ओढणारे ४ टक्के आणि विडी ओढणारे ७.७ टक्के होते (काही जण दोन्ही ओढतात). तरीही २०१७ च्या वस्तू व सेवा करात सिगारेटवर भरपाई उपकर लागला आणि विडी त्यातून सुटली, व २०२५ च्या सप्टेंबरात विडीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. सहासष्ट सालचा कामगार-कल्याणाचा विचार अजून दर ठरवतो आहे.

२००३ च्या मूळ कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा २०२१ च्या आरंभी लोकांपुढे आला होता. त्यात वेगळे कक्ष बंद करण्याची आणि खरेदीचे वय २१ करण्याची सूचना होती. केंद्रात ते रखडले असताना कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि २०२५ मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिथे वय २१ झाले, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड हजार रुपयांपर्यंत गेला. महाराष्ट्रात वय १८ आणि दंड दोनशेच आहे. कोल्हापूरहून निपाणीच्या एसटीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कागलच्या टपरीवर सिगारेट विकत घेता येते. कोगनोळीजवळची कर्नाटकाची हद्द ओलांडल्यावर तीच सिगारेट त्याला विकणे गुन्हा ठरते, आणि निपाणीच्या बसस्थानकावर त्याने ती पेटवली तर दंड पाचपट आहे.