कानातली धडधड आणि अर्ध्या मिलिमीटरची नळी

मुंबईत दिवसा कान वाजला तरी कळायचं नाही. शेवटची लोकल गेली, पंख्याची घरघर तेवढी उरली की जाणवतं: उशीला टेकलेल्या कानात हुश्श-हुश्श होतंय आणि मनगटाची नाडी धरली तर ठोक्याला ठोका जुळतोय. अशा वेळी कोमट तेल घालून किंवा कान फुंकून घेऊन काही साधत नाही. आवाज बहुधा कानाचा नसून रक्तवाहिनीचा असतो. त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे ड्युरल फिस्टुला.

एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांत दाब गमावून मग शिरेत उतरतं. मेंदूवरच्या ड्युरा या जाड आवरणात कधी हा टप्पाच गळतो आणि धमनी थेट शिरेला जोडली जाते. रक्त पुढेच वाहत असेल तर बऱ्याचदा नुसती नजर ठेवली तरी पुरतं. ते उलटं मेंदूच्या शिरांत चढू लागलं की रक्तस्रावाचा धोका; १९९५चं कॉन्यार या डॉक्टरचं वर्गीकरण याच फरकावर उभं आहे. साधा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. खरा उलगडा डीएसए करतं, म्हणजे वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेली एक्स-रे चित्रं.

उपचार जांघेतून. मांडीच्या धमनीतून जाड नळी मानेपर्यंत, तिच्यातून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची नळी बहुधा ड्युराला रक्त पुरवणाऱ्या मिडल मेनिंजियल धमनीत. मग ओनिक्स हा वाहिनी बुजवणारा द्रव: डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला पॉलिमर आणि एक्स-रेवर दिसावा म्हणून टँटलम धातूची पूड. बाटली यंत्रावर किमान २० मिनिटं हलवायची, नाहीतर पूड तळाशी बसते आणि द्रव पडद्यावर दिसेनासा होतो. सिरिंजही खास, कारण डीएमएसओ काही प्लास्टिक विरघळवतं. नळी आधी नुसत्या डीएमएसओने भरायची, नाहीतर ओनिक्स आतच गोठतो.

रक्ताशी गाठ पडताच डीएमएसओ निघून जातं आणि दुधावर साय धरावी तसा पॉलिमर बाहेरून घट्ट होतो, आत पातळच राहतो. सारी करामत इथेच. सोडण्याचा वेग मिनिटाला ०.१६ मिलिलिटर, म्हणजे एका मिलिलिटरला सव्वासहा मिनिटं. घाई केली तर डीएमएसओ वाहिनीची भिंतच जाळतं. पहिले थेंब टोकाभोवती मागे सरकतात. नवख्याला घाम फुटतो, पण थोडं मागे यायलाच हवं. अर्धं ते दोन मिनिटं थांबायचं, तेवढ्यात बूच बसतं. पुन्हा दाबलं की मागची वाट बंद, म्हणून द्रव पुढे शिरतो. तो शिरेच्या तोंडापर्यंत पोचलाच पाहिजे. नुसती धमनी बुजवली तर शेजारच्या धमन्या तिची जागा घेतात.

बूच फार मागे आलं तर नळी अडकते. त्याहून मागे, कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या नसेला रक्त देणारी फांदी आहे. ती बुजली तर तोंड वाकडं होतं. डोळ्याच्या धमनीशी छुपी जोडणी असेल तर दृष्टी जाऊ शकते. ड्युरातल्या नसा चाळवल्या की हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, म्हणून भूलतज्ज्ञ ठोके वाढवणारं ॲट्रोपिन तयार ठेवतो. ‘बिनटाक्याची, बिनधोक’ अशा जाहिरातींतला पहिला शब्द तेवढा खरा.

नंतर एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणाचा वास येतो. डीएमएसओपासून शरीरात तयार झालेला वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडत असतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर पेशंटने वडापावची चटणी चोरून खाल्ल्याचा आळ येतो.